तान्हं बाळ रडतंय : आधी काय बघायचं, मग काय करायचं (० ते ६ महिने)

करवीर_नर्सताई

बाळ रडायला लागलं की घरातली चार माणसं चार कारणं सांगतात. आजी म्हणते पोट दुखतंय, आत्या म्हणते दूध पुरत नाही, शेजारीण मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला येते, तोवर मेडिकलमधून थेंबांची बाटलीही येते. एवढं होईपर्यंत बाळाचं झबलं काढून मात्र कुणी बघितलेलं नसतं. म्हणून हा धागा. पहिल्या सहा महिन्यांपुरतंच बोलूया आणि नक्की माहीत आहे तेवढंच लिहूया.

सुरुवात भुकेपासून. रडणं ही भुकेची शेवटची खूण असते. त्याआधी बाळ ओठ चाटतं, जीभ बाहेर काढतं, मान वळवून तोंडानं शोधायला लागतं, मूठ तोंडाकडे नेतं. याच वेळी घ्यायला हवं. रडून लालबुंद झालेलं बाळ जीभ वर टाळ्याला लावून रडत असतं, त्यामुळं स्तन नीट तोंडात घेत नाही आणि घरचे म्हणतात, "बघा, भूक नाहीच आहे." अशा बाळाला आधी छातीशी उभं धरून निवू द्या, मग पाजा. २४ तासांत ८ ते १२ वेळा पिणं नेहमीचं आहे. संध्याकाळी तर दर अर्ध्या-पाऊण तासानंही मागतं. "आत्ताच तर प्यायलं" हा हिशोब तान्ह्याला लागू होत नाही.

दूध पिऊनही रडणं थांबलं नाही तर बाळ पूर्ण उघडं करा. दिव्याखाली, डोक्यापासून पायापर्यंत. टाळू, कानामागची जागा, मानेच्या आणि काखेच्या घड्या, बेंबी, दोन्ही जांघा, लघवीची जागा, शीची जागा. मग हातापायाची बोटं एकेक सुटी करून बघा. बाळंतिणीचे केस साधारण तिसऱ्या महिन्यापासून गळायला लागतात. तो केस किंवा मोज्याच्या आतला सुटा दोरा बोटाभोवती गुंडाळला जातो, बोट सुजतं, आणि केस सुजेतच बुडून दिसेनासा होतो. बोट लाल किंवा जांभळं, टोक फुगलेलं आणि खाली बारीक खाच, असं दिसलं तर हेच कारण धरा. केस दिसतोय आणि नखानं सुटतोय तर सोडवा. नाहीतर ब्लेड-कात्री न चालवता लगेच दवाखाना, कारण रक्तपुरवठा थांबलेला असतो. मुलाच्या लघवीच्या जागेलाही असा केस अडकतो, तिथं बघायचं लोक विसरतात.

मग ताप. हात लावून ताप कळत नाही. तान्ह्याचे तळहात-तळपाय बहुतेक वेळा गारच असतात, म्हणून मानेच्या मागं आणि छातीवर हात ठेवायचा. तिथं घाम असेल तर कुंची, टोपरं, मोजे उतरवा. एप्रिल-मेमधल्या दुपारी आपल्याकडं निम्मी रडारड याच कपड्यांची असते असं माझं मत आहे. मोठ्या माणसाला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा एखादा जास्त, एवढं पुरतं. थर्मामीटर काखेत लावा. आकड्यांबद्दल डॉक्टर लिहितीलच.

लंगोट शेवटी, कारण तो सगळेच आधी बघतात. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि दमट लंगोट बांधला जातो. शेगडीवर धरून वरवर कोरडा केलेला लंगोट शिवणीत ओला राहतो, आणि जांघेत लाल चट्टे तिथूनच सुरू होतात.

उचगावकर_बाबा

रडण्याच्या आवाजावरून कारण ओळखता येतं का? मोबाइलवर आवाज ऐकून "भूक", "झोप", "गॅस" असं सांगणारी ॲप आहेत. त्यांचा कितपत उपयोग?

बालवैद्य_राजारामपुरी

थोडंफार ओळखता येतं, पण ॲप सांगतं तितकं नेमकं नाही. दुखल्याचं रडणं एकदम सुरू होतं, पहिली किंकाळी लांबलचक असते, मग क्षणभर श्वास धरल्यासारखी शांतता, मग पुन्हा किंकाळी. भुकेचं रडणं कुरकुरीपासून हळूहळू चढत जातं, त्यात ताल असतो. झोप आलेलं बाळ किणकिणत रडतं, डोळे चोळतं, नजर वळवतं. पण खूप भुकेलं बाळही किंकाळ्या मारतं. आईला कारण कळतं ते आवाजापेक्षा वेळेवरून: किती वाजले, शेवटचं पाजणं कधी, झोप किती झाली. हे ॲपला माहीत नसतं, म्हणून मी त्यावर विसंबू नका म्हणेन.

तरी दोन आवाज लक्षात ठेवाच. एक, नेहमीपेक्षा वेगळा, टोकदार, चिरका सूर, उचलून घेतल्यावर आणखी वाढणारा. मेंदूच्या आवरणाला सूज असेल तर असं होतं. दुसरा, रडणंच क्षीण होऊन प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज. हा दुसरा जास्त घातक, कारण घरचे म्हणतात "आता शांत झालं".

तापाचे आकडे असे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काखेत ३७.५ सेल्सिअस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरलं, तर जादा कपडे काढून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री दाखवा. १००.४ फॅरनहाइटला तर पुन्हा मोजायलाही थांबू नका. तीन महिन्यांपर्यंत हा नियम पाळावा. ३५.५ सेल्सिअसपेक्षा कमी भरलं तर तोही तितकाच धोका, तान्ह्याला जंतुसंसर्गात अंग गारही पडतं. स्वतःच्या मनानं तापाचं औषध देऊन सकाळची वाट बघू नका. ताप उतरतो आणि आजार आत वाढत राहतो.

दूधसल्ला_शाहूपुरी

नर्सताईंनी भुकेचं लिहिलंच आहे, मी "दूध पुरत नाही" याबद्दल सविस्तर लिहिते. कारण याच वाक्यावर वरचं दूध सुरू होतं आणि मग खरोखरच दूध कमी होतं.

बाळ रडतं, स्तन मऊ लागतो, पिळून दूध निघत नाही, रात्री सारखं उठतं, यातल्या एकाही गोष्टीवरून दूध कमी आहे असं ठरत नाही. ठरतं दोन गोष्टींवरून. पहिली शू. सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ वेळा भरपूर, फिकट रंगाची शू व्हायला हवी. डायपर वापरत असाल तर आत टिश्यूचा कागद ठेवा, नाहीतर शू किती वेळा झाली कळत नाही. दुसरी गोष्ट वजन. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत वजन उतरतं, दोन आठवड्यांत जन्मवजन परत यायला हवं, आणि पुढं तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम धरा. वजन एकाच काट्यावर, कपडे काढून करायचं. दोन वेगळ्या दवाखान्यांतल्या काट्यांमध्ये १०० ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि त्यावरून घरात रडारड होते.

शू आणि वजन ठीक, तरी बाळ स्तनाशी रडतंय, तर पकड बघा. तोंड जांभईएवढं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसणारा. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, मान वळलेली नाही. नुसतं बोंड तोंडात असेल तर आईला दुखतं, बोंडाला चिरा पडतात, बाळाला दूध कमी मिळतं आणि हवा जास्त जाते. अशा वेळी ओढून काढू नका. करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

पाजायला घेतल्यावर बाळ मिनिटभरात झटकून मागं होतं, ठसका लागतो, रडतं, पुन्हा घेतं, हिरवट फेसाळ शी करतं, तर उलट दूध जास्त आहे आणि वेगानं येतंय. तेव्हा आईनं मागं रेलून बसावं, बाळ वर पालथं घ्यावं, पहिली जोरदार धार फडक्यात जाऊ द्यावी, आणि एक बाजू पूर्ण रिकामी झाल्याशिवाय दुसरी देऊ नये.

वरचं दूध डॉक्टरांनी सांगितलंच असेल तर पावडर डब्यावरच्या मापानं, त्याच डब्यातल्या सपाट चमच्यानं. बऱ्याच डब्यांवर ३० मिली पाण्याला १ सपाट चमचा असतो, पण आपला डबा वाचा. पाणी आधी मोजून घ्यायचं, पावडर नंतर. पुरवून वापरण्यासाठी पातळ केलं तर बाळ उपाशी राहून रडतं, घट्ट केलं तर शी कडक होऊन रडतं. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा. बाटलीतून दूध आपोआप गळतं, त्याची सवय लागली की स्तनावर मेहनत करायला बाळ कंटाळतं.

जयसिंगपूरच्या_काकू

सगळं खरं, पण घुटी, धुरी, हिंग हे आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय की ओ. मुरडशेंग, बाळहिरडा, वेखंड, जायफळ उगाळून दिलं की बाळ शांत झोपतं हे डोळ्यांनी दिसतंय. ते सगळंच वाईट का? नीट कारणं सांगा, म्हणजे सुनांना सांगता येईल.

बालवैद्य_राजारामपुरी

काकू, तुम्ही कारणं विचारलीत हे फार बरं केलंत. एकेक घेतो.

जायफळानं बाळ झोपतं हे अगदी खरं, कारण त्यात गुंगी आणणारे घटक असतात. पण सहाणेवर चार वेढे उगाळले की पोटात नक्की किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. चार किलोच्या जिवाला प्रमाण चुकलं तर बाळ गुंगीत राहतं, दूध प्यायला उठत नाही, आणि ते "शांत" दिसतं. वेखंड पोटात देऊच नये, त्यानं उलट्या होतात, बाळ मलूल पडतं. सहाण, पाणी, हात यांतून जंतू जातात ते वेगळंच. मधात घुटी चाटवणं तर पूर्ण बंद. मधात बोटुलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात, एक वर्षाच्या आतल्या आतड्यात ती वाढतात आणि बाळ लुळं पडतं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही, उन्हाळ्यातही नाही.

हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती पातळ लावलं तर नुकसान नाही, नाळ पडून जागा पूर्ण कोरडी झाली असेल तरच. फायदा बहुधा तुमच्या हाताच्या उबेचा आणि चोळण्याचा होतो.

धुरीबद्दल मी कडक आहे. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. बाळ आणि बाळंतीण दोघंही त्यात बेशुद्ध होऊ शकतात. वरून ओवा-वेखंडाचा धूर तान्ह्याच्या बारीक श्वासनळ्यांना सुजवतो आणि नाक चोंदलेलं बाळ पिताना रडतं. अंग कोरडं आणि उबदार ठेवायचा हेतू चांगला आहे. तो आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून, वरून पांघरूण घेऊन पूर्ण होतो.

मालिश जरूर करा. पाजल्यानंतर निदान पाऊण तासानं, कोमट खोबरेल तेलानं, हलक्या हातानं. कानात, नाकात, शीच्या जागी तेल नको. छातीच्या गाठी पिळायच्या नाहीत, त्यात पू होतो. शी होत नाही म्हणून विड्याच्या पानाचा देठ घालायचा प्रकारही थांबवा. अंगावरचं दूध पिणारं बाळ दीड महिन्यानंतर चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही शी करत नाही. शेवटी होणारी शी मऊ असेल तर ते बद्धकोष्ठ नव्हे. शीच्या आधी दहा-पंधरा मिनिटं लाल होऊन कुंथणं, रडणं आणि मग मऊ शी, हेही नेहमीचं आहे. पोटाचा जोर आणि खालचा स्नायू सैल सोडणं यांचा मेळ बसायला वेळ लागतो.

मेडिकलमधल्या थेंबांचंही सांगून टाकतो. डायसायक्लोमीन हे नाव बाटलीवर असेल तर सहा महिन्यांच्या आत देऊ नका. श्वास थांबणं, झटके येणं असे परिणाम नोंदलेले आहेत. थोरल्या भावंडाची उरलेली बाटली तान्ह्याला देताना हेच घडतं. सिमेथिकोन तसं निर्धोक आहे, पण चाचण्यांमध्ये नुसत्या साध्या थेंबांपेक्षा ते सरस ठरलेलं नाही.

उचगावकर_बाबा

दिवेलागणीलाच का रडतात? दिवसभर बरं असतं आणि सहा ते नऊ काही केल्या थांबत नाही.

बालवैद्य_राजारामपुरी

कारण त्या वयाचं रडणंच तसं असतं. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त होतं, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. ब्रेझल्टन यांनी १९६२ साली निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यात सहाव्या आठवड्याला रोजचं रडणं सरासरी पावणेतीन तासांच्या घरात होतं, आणि त्यातलं बरंच संध्याकाळचं. नऊ महिने पुरं न झालेलं बाळ असेल तर वय जन्माच्या नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजा, त्याचा कळस उशिरा येतो.

निरोगी बाळ, वजन वाढतंय, आणि दिवसाला तीन तास, आठवड्यात तीन दिवस, तीन आठवडे असं रडतंय, तर त्याला कॉलिक म्हणायची पद्धत वेसल यांच्या १९५४ च्या लेखापासून आहे. आता तीन आठवड्यांची अट धरून बसत नाहीत. पाय पोटाशी घेतं, पोट टणक होतं, वारा सरतो म्हणून आपण गॅस म्हणतो. पण जोरात रडणारं कुठलंही बाळ पोट आवळतं, पाय ओढतं आणि हवा गिळतं. पुष्कळदा गॅस हा रडण्याचा परिणाम असतो.

दृष्ट काढून घरच्यांना बरं वाटत असेल तर बाळापासून लांब, धूर न करता काढा. तेवढ्यात बाळ बघायचं राहू नये, माझी हरकत एवढीच.

करवीर_नर्सताई

सगळं तपासून झालं, तरी रडतंय. आता शांत करायचं कसं, ते लिहिते. एक उपाय निदान पाच मिनिटं सलग करा. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला पाळणा, खुळखुळा, खांदा, दुसरी खोली असं बदलत गेलं की बाळ आणखी बिथरतं.

पहिलं पाऊल उजेड-आवाज कमी करायचं. टीव्ही बंद, बघायला आलेली पाहुणे मंडळी बाहेरच्या खोलीत. मग बाळ छातीशी उभं, मान आणि ढुंगण आधारलेलं, आणि एका चालीनं चालायचं. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासात असं दिसलं की पाच मिनिटं चालल्यावर बरीच रडणारी बाळं झोपतात, आणि लगेच खाली ठेवलं की जागी होतात. झोप लागल्यावर आणखी ५ ते ८ मिनिटं मांडीवर घेऊन बसायचं, मग ठेवायचं. "मांडीवर झोपतं, गादीवर रडतं" याचं उत्तर या पाच-आठ मिनिटांत आहे. ठेवताना हात एकदम काढू नका, छातीवर थोडा वेळ राहू द्या.

घ्यायची सवय लागेल ही भीती तीन महिन्यांच्या आत बाळगू नका. मॉन्ट्रियलमध्ये १९८६ साली झालेल्या चाचणीत तिसऱ्या आठवड्यापासून ज्या बाळांना रोज जास्तीचा वेळ कडेवर घेतलं, ती सहाव्या आठवड्याला ४३ टक्के कमी रडली. त्यांना रडत नसतानाही घेतलं होतं, हे महत्त्वाचं. आधीच कॉलिक असलेल्या बाळांवर नुसतं जास्त घेण्याचा तसा परिणाम नंतरच्या चाचणीत दिसला नाही. म्हणून संध्याकाळची वाट न बघता दुपारी चारपासूनच कुणीतरी घेऊन फिरावं.

दुपट्यात गुंडाळायचं तर हात छातीशी, वरचा भाग नेटका, पण कमरेखाली सैल. पाय बेडकासारखे दुमडून फाकता आले पाहिजेत. पाय सरळ करून करकचून बांधले तर खुब्याचा सांधा सरकतो. गुंडाळलेलं बाळ उताणंच झोपवायचं. कुशीला वळायची खटपट दिसली की गुंडाळणं त्याच दिवशी बंद. पंख्यासारखा एकसुरी आवाज चालतो, मोबाइलवर लावला तर दोन मीटर लांब आणि हळू.

ढेकरासाठी खांद्यावर किंवा मांडीवर बसवून हनुवटीला आधार देऊन पाच-दहा मिनिटं. नाही आली तर नाही, थोपटून थोपटून झोपलेलं बाळ उठवू नका.

पन्हाळा_रोड

झोळीबद्दल कुणी बोलेल का? साडीची झोळी प्रत्येक घरात आहे, आणि त्यात बाळ पटकन गप्प होतं.

करवीर_नर्सताई

झोळीत बाळ अर्धवर्तुळात वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चिमटते. तान्ह्याला मान उचलता येत नाही, आणि गुदमरताना आवाजही होत नाही. शांत करायला थोडा वेळ, माणूस समोर बसलेलं, तोंड उघडं दिसतंय, हनुवटी आणि छाती यांत दोन बोटं जातायत, एवढ्यापुरती वापरा. झोप लागली की सपाट, कडक गादीवर उताणं ठेवा. उशी, मऊ दुलई, लोकरीची टोपी नको. आढ्याचा हुक आणि दोर रोज ओढून बघायचा. थोरल्या भावंडाला झोका द्यायला सांगू नका.

आशाताई_शिरोळ

कारखाने सुरू झाले की आमच्या भागात फडावर पालं पडतात. तिथली बाळं पहाटेच्या गारठ्यात, उघड्यावर, पाचटावर निजलेली असतात, आई कोयता घेऊन उसात. तिथं रडण्याची कारणं वेगळ्या क्रमानं येतात: गारठा, मग भूक, मग मुंग्या-किडे, पाचटाचे काटे. फडावरच्या बाळाचे कपडे झटकून घालायचे आणि कानात-घड्यांत बघायचं. आई दोन-अडीच तासांनी बांधावर येऊन पाजेल एवढं मुकादमाशी आधीच बोलून घ्यायचं. दूध काढून ठेवायचं झालं तर स्वच्छ झाकणाच्या भांड्यात, सावलीत, चार तासांच्या आत संपवायचं. ऊन तापायला लागलं की तेवढाही वेळ धरू नये.

दुसरं, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशांच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. वजनकाटा आणि थर्मामीटर आमच्या पिशवीत असतो. रडण्याची शंका असेल तर त्या दिवशी आवर्जून वजन करून मागा. बाहेरगावची बाळंतीण असली, कार्ड बीड-धाराशिवकडचं असलं तरी सांगायला लाजू नका.

बालवैद्य_राजारामपुरी

आशाताईंचा मुद्दा सोन्यासारखा. लसीच्या रात्रीचंही लिहितो, कारण ६, १० आणि १४ आठवड्यांना सगळ्यांच्याच घरी हे होतं. टोचताना बाळ अंगावर पीत असेल तर दुखणं कमी होतं, परिचारिकेला तसं सांगा. नंतर मांडीला बर्फ चोळू नका, शेकू नका. स्वच्छ ओलं फडकं ठेवलं तर चालतं. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी किंवा नर्सनं लिहून दिलेल्या मापानंच. गोंधळ इथं होतो: थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, आणि पातळ औषधात ५ मिलीत १२५. चार किलोच्या बाळाला किलोमागे १५ च्या हिशोबानं ६० मिलिग्रॅम लागलं, तर थेंबांतून ते ०.६ मिली होतं, पातळ औषधातून २.४ मिली. पातळ औषधाचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं की चौपट डोस जातो. बाटलीवरचा आकडा वाचून मगच पिचकारी भरा, दोन डोसांत ६ तास.

लसीनंतर तीन तासांपेक्षा जास्त सलग, कशानंही न थांबणारं रडणं असेल तर कळवा. पुढच्या लसीच्या वेळी ते कार्डावर असायला हवं.

सर्जरी_वॉर्ड

पोटाच्या शस्त्रक्रियेची कारणं क्वचित असतात, पण वेळ चुकली तर आतडं जातं, म्हणून लिहितो. जांघेत किंवा वृषणात फुगवटा, रडताना येतो आणि शांत झाल्यावर जातो, तर तो हर्निया. लवकर दाखवा. तोच फुगवटा घट्ट झाला, आत जात नाही, बाळ उलट्या करतंय, तर तास मोजू नका, लगेच निघा. दाबून आत ढकलायचा घरी प्रयत्न नको.

उलटी हिरवी झाली तर कितीही हसरं बाळ असलं तरी तातडीचं. पिवळसर दह्यासारखी उलटी वेगळी, हिरवी म्हणजे पित्त. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची प्रत्येक पाजण्यानंतर लांब उडणारी उलटी आणि लगेच पुन्हा भूक, तर जठराच्या तोंडाशी अडथळा असू शकतो.

पाच-सहा महिन्यांच्या आसपास क्वचित एखाद्या बाळाचं आतडं आतड्यात शिरतं. बाळ दर पंधरा-वीस मिनिटांनी किंकाळी फोडतं, पाय पोटाशी घेतं, पांढरं पडतं, मग मलूल होऊन शांत, मग पुन्हा. रक्त-शेंबडाची जेलीसारखी शी उशिरा दिसते, तिची वाट बघू नका. कॉलिक बाळाला दोन रडण्यांच्या मध्ये मलूल करत नाही, फरक तिथं आहे.

दूधसल्ला_शाहूपुरी

एक भर. शीत रक्ताचे धागे, अंगावर चट्टे, सारख्या उलट्या आणि रडणं असं एकत्र असेल तर गाईम्हशीच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते, अंगावर पिणाऱ्या बाळालाही. डॉक्टरांना विचारून आईनं दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, तूप, पनीर, खवा सगळं बंद करायचं, आणि फरक पडला तर पुन्हा सुरू करून खात्री करायची. बाकी आईला वांगं, डाळ, कोबी, तिखट उगाच बंद करू नका. उपाशी आईचं दूध आणि धीर दोन्ही आटतात.

उचगावकर_बाबा

आणि आई-बापच थकले तर? रात्री दोन वाजता डोकं सुन्न होतं.

करवीर_नर्सताई

दादा, हा प्रश्न उघड विचारायलाच हवा. राग चढतोय असं वाटलं की बाळ सपाट गादीवर उताणं ठेवा, दार ओढून घ्या, पाच-दहा मिनिटं बाहेर थांबा, पाणी प्या. तेवढ्या रडण्यानं बाळाला काही होत नाही. हलवण्यानं होतं. खांदे धरून काही सेकंद जोरात झटकलं तरी मेंदूत रक्तस्राव होतो, दृष्टी जाते, जीव जातो. हे घरातल्या प्रत्येकाला, सांभाळणाऱ्या बाईलासुद्धा, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.

संध्याकाळच्या पाळ्या आधीच ठरवा. सहा ते साडेसात बाबा, मग आजी, आणि आईनं त्या वेळात आंघोळ-जेवण-झोप. बाळंतिणीला दोन आठवड्यांपेक्षा जास्त सतत रडू येतंय, बाळ नकोसं वाटतंय, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही, तर ती आळशी झालेली नाही, आजारी आहे. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करायचे विचार येत असतील तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पन्हाळा_रोड

रात्री निघायचं ठरलं तर काय सांगायचं, कुठं जायचं, तेही एका जागी लिहा. गगनबावडा, राधानगरीकडच्या लोकांना कोल्हापूर शहर ५०-५५ किलोमीटर पडतं.

बालवैद्य_राजारामपुरी

श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त (दोन महिन्यांच्या आत, बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजून, जास्त आले तर पुन्हा मोजून), छाती आत ओढली जाणं, पिणं सोडणं, झटका, हलवूनही न उठणं, फुगलेली टाळू, निळसर ओठ, तळहात-तळपायांपर्यंत कावीळ, बेंबीभोवती लाली किंवा पू, आठ तासांत एकही शू नाही. यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन. बाळाचं वय दिवसांत, वजन, ताप किती, शेवटचं दूध आणि शेवटची शू कधी, कुठलं औषध किती मिली दिलं, एवढं सांगा. घुटी दिली असेल तर तीही सांगा, कुणी रागावणार नाही, उपचार बदलतात. कपाटाच्या दाराला कागद चिकटवून पाजणं आणि शूच्या वेळा लिहिल्या असतील तर त्याचा फोटो काढून आणा.

शहरात दसरा चौकाजवळ सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) चोवीस तास उघडं आहे. लांबच्यांनी आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठावं. पावसात पंचगंगेचं पाणी चढलं की गगनबावडा रस्ता बंद होतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये "सकाळी बघू" म्हणू नका, रस्ता चालू असतानाच निघा. वाटेत बाळ आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून, वरून शाल, तोंड-नाक उघडं. पीत असेल तर पाजत या. हिरवी उलटी, घट्ट झालेला हर्निया किंवा मलूलपणा असेल तर मात्र तोंडानं काही देऊ नका.

जयसिंगपूरच्या_काकू

केस बोटाला अडकतो हे लय जणांना ठाऊक नसंल. सुनेला आत्ताच दाखवलं, मोजे उलटे करून आतले दोरे कापून टाकले. महिला मंडळाच्या ग्रुपवर हा धागा पाठवू का?

करवीर_नर्सताई

जरूर पाठवा काकू. डॉक्टरांचा १०८ वाला प्रतिसाद आणि पॅरासिटामॉलच्या मापाचा प्रतिसाद वेगळा काढून पाठवा, लांब धागा रात्री कुणी वाचणार नाही.